गणेश मंडळाच्या वर्गणीतून हॉस्पिटलला मदत करायची आहे (नाशिक). मशीन द्यावं, कर्मचाऱ्यांसाठी काही करावं की संशोधनाला पैसे द्यावेत?

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. इंदिरानगरचं मंडळ, खर्च जाऊन दोन-अडीच लाख उरतील, त्यात "एखादं डायलिसिस मशीन वगैरे" बसेल का, की सिस्टर-वॉर्डबॉय यांच्यासाठी काही करावं, की कॅन्सरच्या संशोधनाला द्यावेत, असं तुम्ही विचारलंय. मशीन घेऊ नका. एवढं आधी सांगते, मग बाकीचं.

आम्ही सिडकोत राहतो. माझ्या सासूबाईंचं डायलिसिस २०१६च्या पावसाळ्यात सुरू झालं. फेब्रुवारी २०१८मध्ये त्या गेल्या. मधली सगळी दीड-पावणेदोन वर्षं आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, मी त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढली. हे सातपूरला कंपनीत, दीर अंबडला कंपनीत, पाळ्या दोघांच्याही. त्यामुळे आईंना रिक्षात घालून नेणं-आणणं माझ्याकडे. हॉस्पिटल ट्रस्टचं होतं, नाव लिहिणार नाही.

त्या बाकावर मला जे कळलं ते कुठल्याही मीटिंगमध्ये कळलं नसतं. आमच्याच पाळीला पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचे दादा यायचे. पन्नाशीचे असतील, थोडा भात, थोडी नागली. उपचार सरकारच्या फुले आरोग्य योजनेत, म्हणजे डायलिसिसचा एक पैसा लागत नव्हता. एसटीतही रुग्णाला सवलत. कागदावर बघाल तर सगळं फुकट. पण पाड्यापासून फाट्यापर्यंत जीप, ती भरल्याशिवाय सुटत नाही. सोबत बायको, म्हणजे तिचं तिकीट आणि तिचाही रोज बुडाला. पाळी कधी लांबली तर संध्याकाळची गाडी गेलेली, मग रात्र सीबीएसच्या स्टँडवर, हाताला पट्टी बांधलेल्या माणसाने. असं दोन-तीनदा झालं की ते आठवड्यातली तिसरी पाळी सोडून द्यायचे आणि सोमवारी अंगात पाणी साठून, तोंड सुजवून, धापा टाकत यायचे.

एकदा सिस्टर त्यांना रागावल्या, "दादा, किती सांगायचं, पाणी कमी प्या." ते काहीच बोलले नाहीत. त्यांची बायको माझ्याकडे वळून म्हणाली, "पाण्याचं नाही ताई, गाडीचं आहे."

आई तेव्हा आतल्या खाटेवर होत्या. घरी येताना मी त्यांना हे सांगितलं. पुढच्या वेळेपासून त्यांनी डबा दोन माणसांचा भरायला लावला. स्वतःला पथ्य होतं, बटाटासुद्धा दोनदा पाणी काढून शिजवायचा, पण त्या बाईसाठी भाकरी आणि ठेचा वेगळा बांधून न्यायच्या.

आता मंडळाचं. आई गेल्या त्याच वर्षी गणपतीत भाऊजी, म्हणजे हेच माझे दीर, आमच्या मंडळाचे अध्यक्ष होते. हिशेब झाला, २,१४,००० रुपये हातात राहिले, आणि भाऊजींनी मीटिंगमध्ये सांगितलं की आईच्या नावाने डायलिसिस मशीन द्यायचं. दोन लाखांत मशीन येत नाही. कमी पडणाऱ्या रकमेसाठी त्यांनी कंपनीच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं, मित्रांकडून जमवलं. हे मी मुद्दाम लिहितेय. त्यांच्या मनात खोट नव्हती. आईच्या शेवटच्या दिवसांत रजा मिळाली नाही म्हणून त्यांना बसता आलं नव्हतं, ते त्यांना खात होतं.

मी मीटिंगमध्ये उभी राहिले आणि म्हणाले, हे पैसे बाहेरगावच्या रुग्णांच्या गाडीभाड्याला वर्षभर पुरतील, मी वॉर्डातल्या प्रत्येकाचं गाव सांगते. सगळे गप्प. भाऊजी म्हणाले, "वहिनी, गाडीभाडं दिलं तर आईचं नाव कुठे लिहायचं?"

त्यावर मला उत्तर देता आलं नाही. हात वर करून ठरलं, मशीन. मशीन टेम्पोतून आलं, हार घातला, नारळ फोडला, भिंतीवर पाटी लागली, "यांच्या स्मरणार्थ" म्हणून. फोटोत मीही आहे.

डिसेंबरात मी सिस्टरना भेटायला गेले तर मशीनवर चादर. विचारलं तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, ते तुमच्यासाठी जसंच्या तसं लिहिते. डायलिसिस मशीनला साधं पाणी चालत नाही, आरओचं लागतं, आणि एका रुग्णाच्या चार तासांना साधारण १२० लिटर. त्यांचा प्लांट होता सहा मशीनपुरता. सातव्याला पाण्याचा पॉइंट नाही. पॉइंट काढला तरी प्लांट वाढवायला हवा. वाढवला तरी चालवायला टेक्निशियन हवा, आणि त्याचा पगार कुणाच्या स्मरणार्थ कुणी देत नाही. वर प्रत्येक पाळीला डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर), नळ्या, इंजेक्शन, आणि वर्षाचा देखभालीचा करार वेगळा. मी म्हटलं, सिस्टर, हे आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारलं का? बोलणी वर ऑफिसात झाली."

ते मशीन चौदा महिने झाकून होतं. मार्च २०१९नंतर पेठचे दादा यायचे थांबले. त्यांची वेळ दुसऱ्या कुणाला मिळाली. सिस्टरनी दोन-तीनदा फोन लावला, लागला नाही. गाडीभाडं दिलं असतं तर ते आले असते असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण चादरीखाली जेवढे पैसे होते तेवढ्यात त्यांची, त्यांच्या बायकोची आणि आणखी पाच-सात घरांची जीप काही वर्षं सुटली असती, हा हिशेब मी कागदावर केलेला आहे आणि तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मग आम्ही गल्लीतल्या अकरा बायकांनी २०१९च्या दिवाळीला फराळ करून विकला. चकली, चिवडा, अनारसे. खर्च वजा जाता ३८,६०० रुपये राहिले. पैसे कुणाच्या हातात मोजून दिले नाहीत, फोटो काढला नाही. सिस्टर नावं सांगायच्या आणि आम्ही पेठ आणि सुरगाण्याकडच्या जीपवाल्यांशी महिन्याचं ठरवून त्यांनाच परस्पर द्यायचो. सहा रुग्ण होते. पुढे मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागला, एसटी बंद, जीप बंद, पण डायलिसिसला सुट्टी नसते. तेव्हा ओळखीच्या एकाची ओम्नी पास काढून फिरवली. उरलेले सगळे पैसे दोन महिन्यांत संपले. ते जितके चांगले खर्च झाले तितके आमचे दुसरे कुठले झालेले नाहीत.

कर्मचाऱ्यांचं तुम्ही विचारलंत त्याचं मला खरंच बरं वाटलं, कारण हे कुणी विचारत नाही. फराळाच्या पैशातून काहीतरी तुमच्यासाठीही घेऊ, काय हवं, असं मी सिस्टरना विचारलं होतं. मला वाटलं ओव्हन सांगतील, फ्रिज सांगतील. बराच वेळ त्या काही बोलेनात. मग म्हणाल्या, "आमच्या कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी नाही." तीन पाळ्यांच्या मिळून वीसेक बायका, आणि एक जण बदलत असताना दुसरीने दाराला पाठ लावून उभं राहायचं. किती वर्षं, कोण जाणे. सुतारासकट ३५० रुपये लागले. नंतर मावशींनी पाठ टेकता येईल अशा दोन खुर्च्या मागितल्या, रात्रपाळीला स्टुलावर बसून कंबर जाते म्हणून. त्याही घेतल्या. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सत्कार, शाल, श्रीफळ, "कोविड योद्धा" लिहिलेली ट्रॉफी यात एक रुपया घालू नका. त्यांना बसायला, झोपायला, कपडे बदलायला आणि डबा खायला जागा नसते, तिकडे बघा.

भाऊजींचं म्हणणं अजूनही असं की देणाऱ्याचं नाव दिसलं तर दुसरा देतो, पाटीचा उपयोग असतो. मी त्यांना गाडगेबाबांचं उदाहरण देते. पंढरपूर, आळंदी, देहू आणि आपल्या नाशिकलाही त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, त्या कीर्तनात लोकांनी दिलेल्या पैशातून. स्वतः अंगावर चिंध्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा हॉस्पिटलचे रुग्ण आणि त्यांची माणसं राहतात, आपल्या जिल्ह्यातलीही. उपचार हॉस्पिटल करेल, पण रुग्णासोबतच्या माणसाने रात्री पाठ कुठे टेकायची, हे त्या माणसाला कळलं होतं. भाऊजी म्हणतात, बाबांचं नाव आहेच की धर्मशाळेला. मी म्हणते, ते लोकांनी ठेवलं. इथे येऊन आमचं भांडण दर वेळी थांबतं.

आता संशोधन. माझी भाची नर्सिंग करते, तिच्याकडून हे मला नीट समजलं, आणि माझं आधीचं मत बदललं. मला वाटायचं संशोधनाला पैसे देणं म्हणजे समुद्रात तांब्या ओतणं. पण टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने ११ कॅन्सर केंद्रांनी मिळून एक चाचणी केली, २०२३मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करण्याआधी गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन द्यायचं, आपल्याला दात काढताना देतात तसली भूल. १,५८३ बायकांचा अभ्यास. इंजेक्शन मिळालेल्यांमध्ये पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ९०.१ टक्के, न मिळालेल्यांमध्ये ८६.४. म्हणजे शंभरात जवळपास चार बायका जास्त. आणि औषधाचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास. एवढ्या स्वस्त, जुन्या औषधावर कुठली कंपनी वर्षानुवर्षं पैसे लावेल? तिला त्यातून काय मिळणार? असल्या कामाला सरकारचा किंवा लोकांचाच पैसा लागतो. तेव्हा द्यायचे तर जरूर द्या, पण जिथे खरोखर चाचण्या चालतात अशा संस्थेला, त्यांच्या अधिकृत खात्यात, पावती घेऊन. गल्लीत येऊन "कॅन्सर संशोधनासाठी" डबा वाजवणाऱ्याला नको. आणि अडीच लाखातले सगळे तिकडे पाठवू नका. वर्गणी तुमच्या गल्लीने दिलीय, निदान निम्मे तरी आपल्या जिल्ह्यातल्या माणसाच्या कामी येऊ द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. वर्गणी गोळा करायला लागते ती धर्मादाय आयुक्तांकडची कलम ४१ क ची परवानगी तुम्ही दरवर्षी घेतच असाल. यंदा अर्जातच वैद्यकीय मदतीचा उद्देश घाला, नंतर हिशेबात अडचण नको. मोठ्या देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल तर त्याने थेट ८०जी असलेल्या ट्रस्टला द्यावं, तेही चेकने किंवा ऑनलाइन, कारण २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर सवलत मिळत नाही. आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलात कुणा गरिबाचं बिल भरायची वेळ आली तर खिशात हात घालण्याआधी विचारा. उच्च न्यायालयाच्या २००६च्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकावी लागते. सरकारी दवाखान्यात असाल तर समाजसेवा अधीक्षकांना भेटा, फुले योजनेसाठी तिथल्या आरोग्यमित्राला. जो खर्च हॉस्पिटलनेच करायचा आहे तो तुमच्या वर्गणीतून होऊ देऊ नका.

एक गोष्ट लिहायची राहिली, ती नाही लिहिली तर भाऊजींवर अन्याय होईल. ते मशीन आता चालतं. हॉस्पिटलने नंतर प्लांट वाढवला, टेक्निशियन घेतला, आणि रोज त्यावर दोन-तीन रुग्ण होतात. मी गेले की त्या पाटीवरून पदर फिरवून येते. म्हणजे मशीन कधीच देऊ नये असं नाही. हॉस्पिटलने स्वतः लेखी मागितलं, पाणी, वीज, माणूस, देखभाल कोण बघणार हे त्याच पत्रात लिहून दिलं, तर द्या. आमच्या वेळी असं पत्र नव्हतं, आणि ते मागायचं असतं हे आम्हाला कुणाला सुचलं नव्हतं.

पावतीपुस्तकं छापायला टाकण्याआधी एक दिवस वॉर्डात जाऊन या. दुपारी दोनच्या सुमारास जा. तेव्हा सकाळची पाळी संपत असते आणि दुपारची येत असते, दोन्हीकडच्या सिस्टर आणि मावशी एकाच वेळी भेटतात. मंडळातल्या बायकांपैकी कुणाला तरी सोबत न्या, कडीबद्दल पुरुषांना कुणी सांगणार नाही.