एक्झिक्युटर नेमण्याआधी त्याला विचारलंत का?

ताई, बाबा ७६ वर्षांचे, दादरचा फ्लॅट, थोडे शेअर्स आणि एफडी. मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे त्याप्रमाणे मालमत्तेची वाटणी करणारा म्हणून, अमेरिकेतल्या दादाचं नाव घालावं की बाबांच्या ७४ वर्षांच्या मित्राचं, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत, दोघांचंही नको. तुम्ही ठाण्यात राहता, हिशेबाला पक्क्या आहात, तुमचंच घाला. वारसाला एक्झिक्युटर व्हायला कायद्याची आडकाठी नाही. फक्त दादाला हे बाबांच्या तोंडून कळू दे. मागाहून कागदात दिसलं की मनात अढी बसते.

गिरगावातल्या माझ्या आत्याने घरोब्यातल्या एका गृहस्थांचं नाव परस्पर घातलं होतं. ती गेली तेव्हा ते ८१ वर्षांचे, गुडघ्यांनी बेजार. त्यांनी हात जोडले. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, मिळतं ते मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच. त्यामुळे आम्हाला मृत्युपत्र जोडून, मालमत्तेचा कारभार पाहण्याच्या कोर्टाच्या परवानगीसाठी, म्हणजे लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनसाठी हायकोर्टात अर्ज करावा लागला. दोन साक्षीदारांपैकी एक वारले होते, दुसऱ्यांचा नवा पत्ता शोधण्यात चार महिने गेले. आत्याची इच्छा कागदावर स्वच्छ लिहिलेली होती, तरी ही वणवण. म्हणून पर्यायी एक्झिक्युटरचं नाव त्याच मृत्युपत्रात घाला आणि साक्षीदार बाबांपेक्षा बरेच लहान निवडा.

मुंबईत प्रोबेटची सक्ती होती ती भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ वगळल्यामुळे डिसेंबर २०२५ मध्ये संपली. तरी वाद उभा राहिला तर प्रोबेटइतका भक्कम कागद नाही. ते घेतलंत तर ६ महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टाला द्यावा लागतो.

ती यादी आजच करायला घ्या. बाबांशेजारी वही घेऊन बसा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, फ्लॅटचा करारनामा, डिमॅट, पॉलिसी, कोणती एफडी कुठल्या शाखेत, सगळं लिहा. देणीही लिहा, हातउसने घेतलेलेसुद्धा. अंत्यविधीचा खर्च आणि कर्जं फिटल्यावरच वाटणी होते. सोसायटीत नॉमिनी दादा आहे म्हणालात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये हेच सांगितलंय. हे दादाला आधीच माहीत असू दे.

मूळ मृत्युपत्र बाबांच्या एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायलाच कागद मागतील. ते कुठे आहे हे तुम्हाला आणि पर्यायी माणसाला, दोघांनाही ठाऊक हवं. दादा गणपतीला येणार आहे ना? आरती झाली की तिघं बसा.