वाचकांचे प्रश्न : पेजमेकरमधली जुनी पुस्तकं नव्या इनडिझाइनमध्ये

प्रश्न : आमच्या प्रकाशनाची १९९८ ते २००८ मधली पुस्तकं पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या ६.५ आणि ७ या आवृत्त्यांमध्ये लावलेली आहेत. पुनर्मुद्रण करायचं आहे, पण नव्या इनडिझाइनमध्ये (अडोबीचं पानं लावायचं आजचं सॉफ्टवेअर) फायली उघडतच नाहीत. सगळं पुन्हा टाइप करावं लागेल का? – एक प्रकाशक, कोल्हापूर

उत्तर : अजिबात नाही. पेजमेकर ६.० ते ७ च्या फायली थेट उघडायची सोय इनडिझाइन सीएस६ पर्यंत होती. २०१३ मध्ये सीसी (क्रिएटिव्ह क्लाउड) आवृत्त्या सुरू झाल्या आणि ती सोय गेली. म्हणजे तुम्हाला मधला एक टप्पा घ्यायचा आहे : पेजमेकरमधून सीएस६ किंवा त्याआधीची आवृत्ती आणि तिथून आजचं इनडिझाइन. सीएस६ आता नव्यानं विकत मिळत नाही, पण बऱ्याच डीटीपीवाल्यांच्या जुन्या मशीनवर परवान्यासह ते अजून आहे. तेवढ्यापुरतं काम त्यांच्याकडून करून घ्या.

फायली आधी सीडीवरून हार्डडिस्कवर उतरवा आणि मूळ संच बाजूला ठेवा. पेजमेकर चालत असेल तर प्रत्येक फाइल त्यात उघडून लिंक्स मॅनेजरमध्ये (जोडलेल्या फायलींच्या यादीत) चित्रं सापडतात का ते बघा. मग 'सेव्ह' नव्हे, 'सेव्ह ॲज' करा. साध्या सेव्हमध्ये पेजमेकर बदल मागे मागे जोडत जातो आणि फाइल फुगते, सेव्ह ॲज ती नव्यानं लिहून काढतो. त्याच चौकटीत सगळ्या लिंक केलेल्या फायलींची नक्कल घ्यायचा पर्याय आहे, तोही निवडा. फाइल पेजमेकर ५ ची असेल तर ती आधी ६.५ किंवा ७ मध्ये उघडून सेव्ह करावीच लागते.

फॉन्ट मात्र रूपांतराच्या आधी बसवा. नुसतं उघडायला आणि छापायला फॉन्टची टीटीएफ (ट्रूटाइप) फाइल पुरते, टायपिंगचं सॉफ्टवेअर किंवा त्याचं डोंगल (संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली) लागत नाही. जुना फॉन्ट पोस्टस्क्रिप्ट टाइप १ चा, म्हणजे पीएफबी आणि पीएफएम अशा जोडीचा असेल तर अडचण येईल. अडोबीनं जानेवारी २०२३ पासून त्याचा आधार काढून घेतला आहे, त्यामुळे नवं इनडिझाइन तो फॉन्ट दाखवतच नाही.

उघडल्यावर मजकूर थोडा सरकतो, कारण दोन्ही सॉफ्टवेअरची ओळ जुळवायची पद्धत वेगळी आहे. परिच्छेदाला 'सिंगल-लाइन कंपोझर' (एकेक ओळ स्वतंत्र जुळवायची पद्धत) लावलात तर ओळी पेजमेकरच्या जवळ येतात. छापील प्रत शेजारी ठेवून प्रत्येक प्रकरणाचा शेवटचा शब्द त्याच पानावर, त्याच ओळीत पडतो का ते तपासा. चौकटीच्या कोपऱ्यात लाल अधिक चिन्ह दिसलं तर मजकूर आत अडकला आहे.

प्रश्न : फाइल उघडली, मराठीही नीट दिसते, पण अधल्यामधल्या शब्दात ओळीच्या शेवटी पूर्णविराम येतो आणि उरलेला शब्द खालच्या ओळीत जातो. फॉन्ट कृतिदेव आहे. – एक डीटीपी चालक, नाशिक

उत्तर : तो पूर्णविराम नाही, हायफन आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दिसायला मराठी, पण संगणकाच्या लेखी इंग्रजीच असतो, म्हणून इनडिझाइन इंग्रजी शब्दकोशानं शब्द तोडतं आणि हायफन टाकतं. कृतिदेवमध्ये हायफनच्या जागी पूर्णविरामाची खूण आहे. परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये हायफनेट बंद करा. तसंच नवा मजकूर आयात करताना 'टायपोग्राफर्स कोट्स' (सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळवायची सोय) बंद ठेवा. सरळ एकेरी अवतरणचिन्हाच्या जागी कृतिदेवमध्ये अर्धा श असतो. चिन्ह वळवलं गेलं की शाळा, शेत, शिक्षण सगळ्यांतला श जातो.

प्रश्न : सगळ्या मजकुराला युनिकोड फॉन्ट लावला तर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. ई-बुकसाठी युनिकोड हवंच आहे. – एक संपादक, पुणे

उत्तर : युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, नुसता फॉन्ट बदलून युनिकोड होत नाही. 'निर्मिती' हा शब्द कृतिदेवमध्ये असा साठवलेला असतो : एफ, यू, एफ, ई, कॅपिटल झेड, आर, एच. एफ म्हणजे पहिली वेलांटी, ती न आणि म यांच्या आधी टाइप झालेली. झेड म्हणजे रफार, तो म च्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा लागतो : र् आधी, मग म, मग वेलांटी. म्हणून रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला अक्षरं बदलावी लागतात आणि जागाही हलवाव्या लागतात. चुका होतात त्या बहुधा या हलवाहलवीतच.

कोणत्या इंग्रजी अक्षराच्या जागी कोणतं मराठी, याचं कोष्टक प्रत्येक फॉन्टकुळाचं वेगळं असतं. श्रीलिपीचं शिवाजीला चालत नाही. सी-डॅकच्या डीव्ही-टीटी आणि डीव्हीबी-टीटी या दोन मालिकांची मांडणीही एक नाही. 'फाइंड फॉन्ट'मध्ये पुस्तकातले सगळे फॉन्ट आधी लिहून घ्या. पुस्तकात इंग्रजी शब्द किंवा नावं असतील तर पूर्ण मजकूर एकदम रूपांतरात टाकू नका, त्या इंग्रजीचं निरर्थक मराठी होतं. फाइल आयडीएमएल (इतर प्रोग्रॅमना वाचता येणारं इनडिझाइन फाइलचं रूप) म्हणून काढा. ती मुळात झिप असते. आतल्या 'स्टोरीज' फोल्डरमध्ये प्रत्येक मजकूर-प्रवाह स्वतंत्र असतो आणि कोणत्या तुकड्याला कोणता फॉन्ट लावलाय हेही तिथे किंवा त्याच्या स्टाइलमध्ये नोंदलेलं असतं. स्क्रिप्ट लिहिणारा माणूस हाताशी असेल तर फक्त मराठी फॉन्टचे तुकडे बदलता येतात, ठळक-तिरपं शाबूत राहतं. नसेल तर आरटीएफ (वर्डमध्ये उघडणारी मजकुराची फाइल) काढून वर्डमध्ये फॉन्टनुसार शोधत तुकडे बदला. वेळ जातो, पण भरवशाचं आहे.

मग प्रूफ. हिंदीसाठी बनवलेली बरीच रूपांतरं 'दुसऱ्या', 'वऱ्हाड', 'तऱ्हा' यांत चुकतात. 'ऱ्य'च्या जागी रफार येतो आणि 'दुसर्या' असा शब्द तयार होतो. पुस्तकभर र्य आणि र्ह शोधा, पण सरसकट बदलू नका, कारण 'कार्य', 'सूर्य' बरोबर आहेत. ॲ सुद्धा बघा. युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली, म्हणून काही रूपांतरं अजून अ वर वेगळा चंद्र ठेवतात. दिसायला सारखं दिसतं, पण शोधताना सापडत नाही. सुटी पहिली वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसली तर तिथला क्रम चुकलाय.

प्रश्न : युनिकोड मजकूर वर्डमध्ये छान दिसतो, इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं फुटतात. – एक वाचक, गोवा

उत्तर : परिच्छेदाला साधा कंपोझर लागलाय. स्टाइलच्या जस्टिफिकेशनमध्ये 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. पहिल्या उत्तरातला सिंगल-लाइन कंपोझर जुन्या फॉन्टपुरताच आहे. युनिकोड केल्यावर तो बदलावाच लागतो, आणि मग ओळी पुन्हा सरकतात. म्हणून जसंच्या तसं पुनर्मुद्रण हवं असेल तर जुन्याच फॉन्टवर छापा, आणि युनिकोडची फाइल वेगळी तयार करा.