एकाच प्रक्रियेच्या तीन प्रती: स्पेम, व्ही-स्पेम की फीचर मॉडेल?

नवा प्रकल्प, देखभाल आणि तातडीची दुरुस्ती यांसाठी ईपीएफ कंपोझरमध्ये (प्रक्रिया लिहून ठेवण्याचं साधन) तुमच्या सॉफ्टवेअर विकास प्रक्रियेच्या तीन वेगळ्या प्रती झाल्यात. त्या एकत्र आणायला स्पेम या प्रक्रिया मांडण्याच्या प्रमाणित भाषेतलीच सोय वापरावी, व्ही-स्पेम हा तिचा पर्याय दाखवणारा विस्तार घ्यावा की फीचर मॉडेल (काय अनिवार्य, काय ऐच्छिक ते दाखवणारा आराखडा), असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: काय बदलतं ते फीचर मॉडेलमध्ये मांडा, प्रक्रिया स्पेममध्येच राहू द्या.

स्पेम २.० (ओएमजी ही मानक संस्था, २००८) मध्ये घटक बदलण्यासाठी चार नाती आहेत. कॉन्ट्रिब्यूट्स मूळ घटकात भर घालतं, रिप्लेसेस त्याची जागा घेतं, एक्स्टेंड्स त्याच्यावरून नवा घटक बनवतं, आणि एक्स्टेंड्स-रिप्लेसेस मुळातला हवा तेवढाच भाग बदलतं. टास्कचा मजकूर बदलायला हे उत्तम. पण 'पिअर रिव्ह्यू किंवा औपचारिक इन्स्पेक्शन, दोन्हींतलं नेमकं एकच' हे त्यात सांगता येत नाही. टास्क ऐच्छिक आहे अशी खूण करता येते; केव्हा वगळायचा, ते कुठेच नोंदलं जात नाही.

व्ही-स्पेममध्ये व्हेरिएशन पॉइंट, म्हणजे पर्याय निवडायच्या जागा, आकृतीवरच दिसतात, त्यामुळे प्रोसेस इंजिनिअरला ते लगेच कळतं. मात्र पर्याय वाढले की आकृती गजबजते, आणि ईपीएफ कंपोझरला ती चिन्हं समजत नाहीत. तुमच्यासाठी हाच मोठा अडसर.

फीचर मॉडेल १९९० च्या फोडा (फीचरवर आधारित विश्लेषण पद्धत) अहवालातून आलं. अनिवार्य, ऐच्छिक, 'एकच निवडा', 'किमान एक निवडा', शिवाय 'हे घेतलं तर ते हवंच' आणि 'ही दोन एकत्र नकोत' असे नियम त्यात थेट लिहिता येतात. हे नियम महत्त्वाचे, कारण दहा स्वतंत्र ऐच्छिक फीचर म्हणजे १०२४ जुळण्या. हाताने तपासणं अशक्य. फीचर मॉडेलला टास्कचा क्रम मात्र कळत नाही, म्हणून कोणत्या फीचरमागे कोणते टास्क, रोल आणि वर्क प्रॉडक्ट (टास्कमधून तयार होणारे दस्तऐवज वगैरे) येतात याचा तक्ता वेगळा ठेवावाच लागतो.

खरी गडबड टास्क वगळताना होते. तातडीच्या दुरुस्तीत 'डिझाइन' काढलं, तर 'कोडिंग'चा पूर्ववर्ती टास्कच नाहीसा होतो. तो 'गरज विश्लेषण'ला जोडावा लागतो. डिझाइन दस्तऐवज इनपुट म्हणून मागणारा 'टेस्ट नियोजन' टास्क तसाच राहतो आणि ते इनपुट तयार करणारं कुणीच उरत नाही. म्हणून प्रत्येक टेलरिंगनंतर (प्रक्रिया गरजेनुसार बदलून घेतल्यावर) तीन गोष्टी तपासा: प्रत्येक अनिवार्य इनपुट कुठून तरी येतं का, पूर्ववर्ती टास्क अस्तित्वात आहे का, आणि एकही टास्क नसलेला रोल उरलाय का.

सुरुवात तिन्ही प्रतींची टास्कनिहाय तुलना करून करा. फरक चार-पाच टास्कचाच निघाला, तर फीचर मॉडेलही नको. तक्ता आणि या तीन तपासण्या पुरतील.