प्रश्न पुरवून वापर

माझ्या मावसबहिणीने तुझा मेसेज मला पुढे पाठवला. जीआरईला, म्हणजे अमेरिकेत पुढे शिकायला जाण्यासाठीच्या प्रवेश परीक्षेला, सात आठवडे राहिलेत. ती परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या पॉवरप्रेप या सराव-संचातल्या फुकटच्या दोन चाचण्यांपैकी पहिलीत 308 आले, चार दिवसांनी तीच पुन्हा दिली तेव्हा 319 आले, घरी सगळे खूश आहेत. आता क्लासने दिलेले प्रश्न सोडवत बसू की अधिकृत पुस्तकं काढू, हे तुला कळत नाहीये. शेवटी लिहिलंयस, ‘आणि ताई, तिकडे कसं असतं तेही सांगा.’

ते 319 वाचलं आणि मला रात्री झोप लागली नाही. माझाही असाच एक आकडा आहे, 325. तो खरा नव्हता. म्हणून लांबलचक लिहिते आहे, निवांत वाच.

व्हिसाची कागदपत्रं, बँकेची पत्रं, फी, तारखा, यातलं मी काही सांगत नाही. ते सगळं ज्याच्या त्याच्या वेबसाइटवर नीट दिलेलं आहे आणि ते तिथेच वाचावं.

आधी ते 319 डोक्यातून काढ. चाचणी पुन्हा उघडली की प्रश्न तेच असतात. उत्तर आठवत नसलं तरी उतारा एकदा नजरेखालून गेलेला असतो, त्यात वेळ वाचतो, आणि तो वाचलेला वेळ अवघड प्रश्नांना मिळतो. त्यात जीआरईचा दुसरा विभाग पहिल्या विभागावर ठरतो. पहिला चांगला गेला तर दुसरा अवघड मिळतो आणि गुणांची मर्यादा वर जाते. म्हणजे ओळखीच्या प्रश्नांचा फायदा एकदा पहिल्या विभागात मिळतो आणि पुन्हा दुसऱ्यात. तुझा खरा आकडा आज 308 च्या आसपास आहे असं धर. सात आठवडे हातात असताना 308 वाईट नाही.

आता माझं. 2013 साल, कराड. तेव्हा पॉवरप्रेप डाउनलोड करून लॅपटॉपवर घालावं लागायचं, त्यातही दोनच चाचण्या होत्या. त्या दोन चाचण्या मी दीड महिन्यात मिळून सात वेळा दिल्या. मन खचलं की चाचणी द्यायची, आकडा वाढलेला दिसला की बरं वाटायचं. निबंध गाळायचे, मध्ये चहाला उठायचं. शेवटच्या वेळी 325 आले. ते मी बाबांना सांगितलं. बाबा संध्याकाळी प्रीतिसंगमावर फिरायला जायचे, तिथे त्यांच्या चार-पाच जणांच्या घोळक्यात त्यांनी ते सांगितलं. परीक्षा व्हायच्या आधी.

रात्रीच्या एसटीने मुंबईला गेले. तेव्हा पेपर पावणेचार तासांचा होता आणि सुरुवातीलाच अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन निबंध होते. घरी एकदाही न लिहिलेले ते निबंध तिथे लिहून झाले तेव्हा माझे हात गार पडले होते, आणि खरा पेपर तर अजून सुरूच व्हायचा होता. शेवटी स्क्रीनवर 309 आले. बाहेर येऊन पाऊण तास एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि मग फोन करून बाबांना सांगितलं, ‘झालं, ठीक झालं, 325 च्या आसपास.’

त्या 309 वर मला प्रवेश मिळाला, ज्या दोन ठिकाणी मनापासून जायचं होतं तिथे नाही, पण मिळाला. बाबा शेवटपर्यंत 325 च समजत होते.

मी काय चुकले हे मला फार उशिरा कळलं. 2023 च्या सप्टेंबरमध्ये परीक्षा आखूड झाली आणि त्यानंतर माझ्या दिराची तयारी मी करून घेतली. तेव्हा पहिल्यांदा ईटीएसचे प्रश्न शांतपणे, एकेक करून पाहिले. हे प्रश्न पेट्रोलसारखे आहेत. जेवढे आहेत तेवढेच, गाडी नुसती सुरू ठेवून ते जाळू नयेत. मुख्य मार्गदर्शक पुस्तक, शिवाय इंग्रजीचं दीडशे प्रश्नांचं एक आणि गणिताचं दीडशेचं एक, दोन फुकट चाचण्या आणि हव्या असल्या तर विकतच्या तीन. झालं. 1996 चं ‘बिग बुक’ म्हणून जुन्या सत्तावीस पेपरांचं एक जाडजूड पुस्तक आहे. त्यातले विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे प्रश्न 2011 मध्येच परीक्षेतून गेले, ते सोडून दे. त्यातले उतारे मात्र अजून उपयोगी आहेत.

क्लासचे प्रश्न आणि हे प्रश्न यांत फरक आहे, तो तू स्वतः दोन्ही शेजारी ठेवून बघ. क्लासच्या गणितात आकडेमोड खूप असते. ईटीएसचं गणित दोन ओळींचं असतं आणि सगळी मेख एका अटीत असते. इंग्रजीत तर जमीन-अस्मानाचा फरक. सहातले दोन शब्द निवडायचे तो प्रकार घे. त्यात समानार्थी शब्दांची एक जोडी हटकून अशी ठेवलेली असते जी वाक्यात बसतच नाही. याद्या पाठ केलेल्या माणसाचा हात आपोआप त्या जोडीकडे जातो. माझा गेला होता, कितीतरी वेळा. बरोबर उत्तराचा पुरावा वाक्यातच असतो, ‘परंतु’मध्ये, ‘कारण’मध्ये, कधी नुसत्या अपूर्णविरामात. पर्याय झाकून ठेवायचे, रिकाम्या जागी आपला साधा मराठी शब्द घालायचा, आणि मगच पर्याय उघडायचे. दिराला मी महिनाभर हेच करायला लावलं. क्लासचे प्रश्न गणिताची सूत्रं घोटायला वापर, तेवढ्याला ते ठीक आहेत. स्वतःला मोजायला वापरू नकोस.

आता दिराच्या चुकांच्या वहीतलं एक पान सांगते, म्हणजे माझं म्हणणं लक्षात येईल. तुलनेचा प्रश्न होता, तसाच मी इथे बनवून देते: एक्स शून्यापेक्षा मोठा आहे. एका बाजूला एक्सचा वर्ग, दुसऱ्या बाजूला एक्स. मोठं काय? त्याने 2 घातले, मग 3 घातले, दोन्ही वेळा वर्ग मोठा आला, आणि पहिला पर्याय ठोकला. वीस सेकंदांत. पण अर्धा घातला तर वर्ग पाव होतो, म्हणजे लहान. 1 घातला तर दोन्ही सारखे. उत्तर: दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. तो म्हणाला, ‘वहिनी, सिली मिस्टेक.’ मी म्हटलं, हा शब्द वहीत लिहायचा नाही. लिही: ‘मी शून्य आणि एकच्या मधला आकडा घालून बघत नाही.’ पुढच्या आठवड्यात त्याची जुनी पानं चाळली तर त्याच एका सवयीने चुकलेले आणखी चार प्रश्न सापडले. तीनशे प्रश्नांत त्याच्या चुका शंभरावर होत्या, पण चुकायच्या सवयी जेमतेम दहा-अकरा.

म्हणून स्पष्टीकरणाचं पान लगेच उघडू नकोस. प्रश्न सोडव, पर्यायासमोर किती खात्री आहे ते लिही, दुसऱ्या दिवशी चुकलेला तोच प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडव, आणि तरीही अडलं तरच स्पष्टीकरण वाच. जे नशिबाने बरोबर आले तेही चुकलेल्यांतच धर. दिवसाला बारा-पंधरा प्रश्न पुरे. त्यांच्यावर दीड तास गेला तरी चालेल.

वेळ लावायची ती आत्ताच्या पेपरासारखीच: इंग्रजीचे 12 प्रश्न 18 मिनिटांत आणि 15 प्रश्न 23 मिनिटांत, गणिताचे 12 प्रश्न 21 मिनिटांत आणि 15 प्रश्न 26 मिनिटांत. सगळा पेपर आता 1 तास 58 मिनिटांचा आहे, मध्ये सुट्टी नाही, निबंध एकच आणि तो सुरुवातीला. तो गाळू नकोस. माझं ऐक, तो गाळू नकोस. निबंधाच्या विषयांची पूर्ण यादी ईटीएसने स्वतःच खुली ठेवलेली आहे आणि परीक्षेतला विषय तिच्यातूनच येतो. आठवड्याला दोन विषय घे, अर्धा तास लाव, टाइप करूनच लिही. दुसरी फुकट चाचणी अजून कोरी असली तर परीक्षेच्या तीन आठवडे आधीपर्यंत हात लावू नकोस. ती देऊन झाली असेल तर दहा दिवस आधी विकतची एक घे. ज्या वेळेचा स्लॉट असेल त्याच वेळेला, खुर्चीवरून न उठता, स्क्रीनवरचाच कॅल्क्युलेटर वापरून. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा कोरं काही सोडू नकोस.

‘तिकडे कसं असतं’ याचं उत्तर. एकटं वाटतं. पहिल्या वर्षी जास्त, मग कामाला लागलं की मागे पडतं. त्यावर मी एवढंच लिहीन.

नावाचं मात्र सांगते, ते कोणी सांगत नाही. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. माझ्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात माझं आणि बाबांचं अशी दोन्ही नावं एकत्र आहेत, मार्कशीटवर आडनाव आधी आहे आणि परीक्षेच्या अर्जात बाबांचं नाव मी गाळलं. पुढे तीन ठिकाणी तीन माणसं झाले मी. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मार्कशीटच्या सीलबंद पाकिटासाठी तीन खेपा, इथे आल्यावर लायसन्ससाठी दोन खेपा. एका खिडकीवरची बाई म्हणाली, ‘यातली नक्की कोण तुम्ही?’ तू आजच पासपोर्ट उघड आणि अर्जात अक्षरन् अक्षर तसंच भर.

याच नावाचं माझ्या मुलीच्या बाबतीत झालं आणि ते अजून मला खुपतं. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात राहतो. तिच्या नावात ‘ज्ञ’ आहे, म्हणजे इंग्रजीत डी-एन-वाय. शाळेत नाव घालताना एक फॉर्म होता: घरी कोणती भाषा बोलता? मी खरं ते लिहिलं, मराठी. त्यावरून पाच वर्षांच्या पोरीची इंग्रजीची तोंडी चाचणी झाली. ती गप्प बसली. एक शब्द बोलली नाही, आणि शाळेने तिला इंग्रजी न येणाऱ्या मुलांत टाकलं. वर्गात गोष्ट वाचायची वेळ झाली की तिला उठवून दुसऱ्या खोलीत न्यायचे. बाहेर पडायची चाचणी वर्षातून एकदाच, त्यात दोन वर्षं गेली. गाडीत मी तिला विचारलं होतं, का नाही बोललीस? म्हणाली, ‘त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या. त्या दुसऱ्याच कोणाला तरी हाक मारत होत्या.’

नंतर कळलं की त्या चाचणीचेही नमुना प्रश्न कोणालाही पाहता येतील असे ठेवलेले असतात. मी शोधलेच नव्हते. जीआरईला तेच प्रश्न सात वेळा उगाळले आणि पोरीच्या वेळी एकदाही उघडून बघितले नाहीत. त्या फॉर्मवर ‘इंग्रजी’ लिहायला हवं होतं असं इथले ओळखीचे म्हणतात. मला ते पटत नाही, पण रात्री कधीतरी पटतंही. ती आता मला इंग्रजीतच उत्तर देते.

बाबा 2021 च्या एप्रिलअखेर गेले. मेच्या पहिल्या आठवड्यापासून भारतातून इकडे यायला बंदी आली, व्हिसाचा शिक्का घ्यायचे रस्तेही बंद होते. गेले असते तर परत केव्हा येता आलं असतं ते कोणी सांगू शकत नव्हतं, मुलगी लहान होती, मी गेले नाही. फोनवर पाहिलं. त्यांचे फिरायला जाणारे एक मित्र आईला भेटायला आले तेव्हा व्हिडिओ कॉलवर मीही होते. ते म्हणाले, ‘सव्वातीनशे मार्क पाडणारी पोरगी, अभिमान होता त्याला.’ मी मान हलवली.

म्हणून तुला हे सगळं लिहिलं. आज जेवताना घरी सांग की ते 319 ओळखीच्या प्रश्नांवरचे आहेत, खरे 308 आहेत आणि परीक्षा अजून व्हायची आहे. आई-बाबांचा चेहरा जरा उतरेल. उतरू दे.

आणि वही आजच घाल. रविवारी तुझ्या संध्याकाळी साडेसहाला इथे सकाळचे नऊ वाजतात, मी मोकळी असते. त्याआधी फक्त चुकलेल्या प्रश्नांची पानं फोटो काढून पाठव, समोर तुझ्या अक्षरात कारण लिहिलेलं असू दे.