पत्ता कुठला लावायचा?

प्रश्न: ताई, आम्ही एडिसन, न्यू जर्सीचे. मी ६२, हे ६६, दोघंही रिटायर्ड. घर विकून आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) घ्यायची नि बाराही महिने फिरत राहायचं ठरलंय (मुलगी म्हणते वेड लागलंय). इथला भाड्याने दिलेला एक काँडो (फ्लॅट) तेवढा ठेवणार. सगळे म्हणतात साउथ डकोटाचे रेसिडेंट व्हा, टॅक्स नाही. की इथेच राहणाऱ्या मुलीचा पत्ता लावून मोकळं व्हावं?

उत्तर: मुलीचा पत्ता लावला की तुम्ही न्यू जर्सीचेच राहिलात हो, रिटर्न तिथलं, गाडीचा इन्शुरन्सही तिथल्याच रेटने. मग एवढा खटाटोप कशाला?

आरव्हीवाले मुख्यतः तीन राज्यांत जातात, साउथ डकोटा, टेक्सास नि फ्लोरिडा. स्टेट इन्कम टॅक्स तिन्हीकडे नाही, त्यामुळे नुसता टॅक्स बघून काहीच ठरत नाही. गाडी घेताना मात्र फरक पडतो, एक लाख डॉलरच्या आरव्हीवर साउथ डकोटात ४ टक्के म्हणजे ४,००० जातात, टेक्सासात ६,२५०. शिवाय गाडी २६,००० पौंडांच्या वर असेल तर टेक्सासात लायसन्सही वेगळ्या क्लासचं लागतं.

साउथ डकोटाचं लायसन्स खरंच सोपंय. मेल फॉरवर्डिंगवाल्याकडे (आपलं टपाल घेऊन पुढे पाठवणाऱ्याकडे) पत्ता घ्यायचा, त्यासाठी पोस्टाचा १५८३ नंबरचा फॉर्म भरायचा, आणि त्या राज्यात एक रात्र राहिल्याची पावती दाखवायची. मी माझी कॅम्पग्राउंडची पावती पोह्यांच्या डब्यात ठेवली होती नि काउंटरवर उभं राहून अख्खी पर्स उपसली, मागे ही लाइन!

पण तुमचा खरा प्रश्न हेल्थ इन्शुरन्सचा आहे आणि तो कोणी विचारतच नाही. ह्यांचं ओरिजिनल मेडिकेअर (६५ पासूनचा सरकारी हेल्थ इन्शुरन्स) असेल तर कुठल्याही राज्यात मेडिकेअर घेणारा डॉक्टर चालतो (अ‍ॅडव्हांटेज हा खासगी कंपनीचा मेडिकेअर प्लॅन घेतला असेल तर तो बहुतेक त्या त्या भागापुरता, तो आधी बघा). तुम्हाला मात्र अजून तीन वर्षं मार्केटप्लेसचा (सरकारी साइटवरून स्वतः घ्यायचा) प्लॅन लागणार, तो पत्त्याच्या काउंटीवरून (जिल्ह्यावरून) मिळतो, आणि पुष्कळ प्लॅनचं नेटवर्क, म्हणजे तो प्लॅन घेणारे डॉक्टर नि हॉस्पिटलं, राज्याबाहेर फक्त इमर्जन्सीपुरतंच असतं. पत्ता साउथ डकोटाचा नि गुडघा दुखतोय अ‍ॅरिझोनात, मग काय करणार? म्हणून तिन्ही पत्त्यांचे झिपकोड टाकून प्लॅन बघा, आधी नेटवर्क, मग प्रीमियम. तुमच्या जागी मी फ्लोरिडापासून सुरुवात केली असती. ६५ झाल्यावर हवं तर साउथ डकोटाला जा, कोण अडवतंय.

काँडोच्या भाड्यावर न्यू जर्सी टॅक्स घेणारच, कुठेही राहा, दरवर्षी तिथलं नॉन-रेसिडेंट रिटर्न भरायचं. आणि जुनं राज्य नीट सोडा, लायसन्स, मतदार नोंदणी, बँक, गाडीचं रजिस्ट्रेशन, सगळं एकाच पत्त्यावर न्या. अर्धं इकडे अर्धं तिकडे ठेवलं की तुम्ही राज्य सोडलंच नाही असं म्हणायला टॅक्सवाल्यांना आयतं कारण मिळतं.

दोघांपैकी कोणी अजून ग्रीन कार्डवर असेल तर पत्ता बदलल्यावर १० दिवसांत एआर-११ (इमिग्रेशनला नवा पत्ता कळवायचा फॉर्म) भरायला विसरू नका, ऑनलाइन होतं.