अमेरिकेत तीस टक्के पगारवाढ देऊ केली तरी वैमानिक करार फेटाळतात, असं का?

मी अमेरिकेतल्या एका मोठ्या विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. पगार आणि कामाच्या अटींचा मसुदा कंपनी आणि आमची संघटना मिळून ठरवते, आणि वैमानिकांनी मतदानात मंजूर केला तरच त्याचा करार होतो. अशा मतदानात मी 'नाही' म्हटलंय आणि पुढच्या मसुद्याला 'हो'ही म्हटलंय. टक्क्यांची बातमी होते, पण मसुदा हातात आला की आमच्यातले बरेच जण आधी रिझर्व्हचे नियम वाचायला घेतात.

रिझर्व्हवर असलेल्याला ठरलेली फ्लाइट नसते. फोन आला की दोन-तीन तासांत विमानतळावर हजर व्हायचं. ज्याचं घर बेसपासून, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या विमानतळापासून, लांब आहे, तो हे दिवस बेसजवळ चार वैमानिकांनी मिळून घेतलेल्या खोलीत काढतो. सुट्टीच्या दिवशी कंपनी बोलावू शकते का? ऐनवेळी ट्रिप बदलली तर भरपाई काय? दोन फ्लाइटच्या मधे विमानतळावर ताटकळलो तर त्या तासांचे पैसे मिळतात का? महिन्यातल्या किती रात्री घरी जातील, हे या कलमांवर ठरतं. माझ्या लेखी त्यांचं मोल पगारापेक्षा जास्त आहे.

तुम्ही म्हणाल, मग दुसरीकडे नोकरी धरा. इथेच सगळी मेख आहे. बेस, विमान, महिन्याचं वेळापत्रक, कॅप्टन कधी होणार, सगळं सीनियॉरिटीवर चालतं आणि कंपनी बदलली की यादीत पुन्हा तळाशी. वीस वर्षं झालेला कॅप्टन दुसरीकडे नवशिक्या ठरतो. त्यामुळे परिस्थिती सुधारायला आमच्या हाती जवळजवळ एकच साधन उरतं, ते म्हणजे हा करार.

संपाचं म्हणाल तर तो आमच्या मर्जीवर नाही. 1926 चा रेल्वे लेबर ॲक्ट 1936 पासून विमान कंपन्यांनाही लागू आहे. जुन्या कराराची मुदत उलटली तरी त्याच्याच अटी चालू राहतात. सरकारी मध्यस्थ मंडळाने वाटाघाटी संपल्याचं जाहीर करून मोकळं केलं, त्यानंतरचे तीस दिवस सरले, तरच संप करता येतो. तेव्हाही राष्ट्राध्यक्ष आडवे येऊ शकतात. फेब्रुवारी 1997 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप सुरू झाला आणि क्लिंटन यांनी काही मिनिटांत थांबवला.

म्हणून 'नाही'ची किंमत वेळेत मोजावी लागते आणि ती सगळ्यांना सारखी पडत नाही. वयाच्या पासष्टाव्या वर्षी निवृत्ती सक्तीची आहे. चौसष्ट वर्षांच्या कॅप्टनला दोन वर्षं थांबा म्हणणं म्हणजे त्याचा वाटाच काढून घेणं. त्याने 'हो' म्हटलं तर त्याला स्वार्थी म्हणणारे तरुण मला अजिबात पटत नाहीत.

'नाही' फळेल की नाही, हे बाजारावर अवलंबून असतं. युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी 2022 मध्ये पहिला मसुदा 94 टक्के मतांनी फेटाळला. तेव्हा कोविडनंतर प्रवासी परतले होते आणि वैमानिक मिळत नव्हते. 2023 मध्ये त्यांना खूपच चांगला करार मिळाला. त्याच 2023 च्या जुलैत फेडेक्स या मालवाहू कंपनीच्या वैमानिकांनी तीस टक्के वाढीचा मसुदा 57 टक्के मतांनी नाकारला. पण मालवाहतूक ओसरली होती, कंपनीला घाई नव्हती, आणि दोन वर्षं उलटली तरी नवा करार झाला नव्हता. त्यांच्या तक्रारी खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही, वेळ मात्र त्यांच्या बाजूने नव्हती.

मी पहिल्यांदा 'नाही' म्हटलं ते रिझर्व्हच्या नियमांत काहीच सुधारणा नव्हती म्हणून, आणि कंपनी तेव्हा भराभर भरती करत होती म्हणून. पुढच्या मसुद्यात पगार थोडाच वाढला होता. पण सुट्टीच्या दिवशी बोलावण्यावर बंधन आलं होतं, आणि 76 पेक्षा जास्त आसनांची विमानं कंत्राटी प्रादेशिक कंपन्यांकडे जाणार नाहीत, म्हणजे ती आमचेच वैमानिक उडवतील, हे कलम शाबूत होतं. ते कलम ढिलं झालं असतं, तर कितीही टक्के वाढ दिली तरी मी पुन्हा 'नाही'च म्हटलं असतं.