कोल्हापुरात किराण्याचा खर्च आवरायचा तर काय, कधी आणि किती घ्यावं

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फुलेवाडीला पाच माणसांचं घर, सासू-सासरे, तुम्ही दोघं आणि शाळेत जाणारी मुलगी. पुण्याहून बदली होऊन आलात. महिन्यातून एकदा मॉलमध्ये ट्रॉली भरता, मध्येच काही संपलं की मोबाईलवरून मागवता आणि बिल चढतंच चाललंय. चांगल्या ऑफर कुठं असतात, हे तुम्हाला हवंय.

ऑफरचं जरा बाजूला ठेवा. ‘एकावर एक’ असतं ते बिस्किटं, नूडल्स, फरशी पुसायचं लिक्विड असल्या मालावर. घरचा खरा पैसा जातो तांदूळ, गहू, शाळू (रब्बीची ज्वारी), डाळी, तेल, चटणी (आपला तिखट कांदा-लसूण मसाला), दूध आणि रविवारच्या मटणात. यातल्या निम्म्या मालाला मोसम असतो, आणि तो माल आपल्याच जिल्ह्यात नाहीतर शेजारी पिकतो. कोल्हापुरात राहून तो महिन्याच्या महिन्याला पाकिटात घेणं म्हणजे गुऱ्हाळाला लागून घर असताना चहाला साखर उसनी मागण्यासारखं आहे.

तांदळाचंच घ्या. आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी हा आपला भाताचा पट्टा. दिवाळीच्या आगेमागे सुगी होते आणि डिसेंबर-जानेवारीत नवा तांदूळ बाजारात येतो. नव्याचा भात चिकट होतो, म्हणून तो स्वस्त. जुन्याला दुकानदार जादा दर लावतो, तो वर्षभर सांभाळल्याचा. ते सांभाळायचं काम आपण घरी करायचं: जानेवारीत घ्यायचा, पावसाळ्यापासून खायला काढायचा. आजऱ्याचा घनसाळ सणाला घ्या, रोजच्या डब्याला परवडत नाही. त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, पण बाजारात त्या नावानं काहीही खपवतात, तेव्हा ओळखीचा शेतकरी असेल तरच. गावाकडून माल आणताना अजून एक, तिथं अजून पायलीनं देतात. पायली हे माप आहे, वजन नव्हे. भाताची आणि शाळूची पायली सारखी भरत नाही. दर ठरवायच्या आधी काट्यावर टाका.

गूळ दिवाळीनंतर सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. पण तो मोठा भरू नका, पावसाळ्यात पाझरतो. किलो-किलोचे दोन-तीन रवे पुरे. तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते, हरभरा त्याच्या मागोमाग, गहू आणि शाळू मार्च-एप्रिलमध्ये, टिकाऊ उन्हाळी कांदा एप्रिल-मे. मूग-उडीद दसऱ्याच्या सुमाराला. या हिशेबानं लक्ष्मीपुरीतल्या धान्य बाजारात जा. पहिल्या फेरीत काही घ्यायचं नाही, चार दुकानांत नुसता भाव विचारायचा आणि मूठभर डाळ हातावर चोळून बघायची. चकाकी हाताला तेलकट लागली तर पुढच्या दुकानात.

सुटं घेण्याचा एक सरळ फायदा फार जणांच्या लक्षात येत नाही. जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ, पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर नाही आणि २५ किलोच्या वरच्या पोत्यावरही नाही. २६ किलोची तांदळाची पोती का निघाली, ते यात आलं. पाच माणसांना एकदम २६ किलो नको असेल तर अपार्टमेंटमधली दोन-तीन घरं मिळून घ्या. फक्त वाटणी दुकानातच, त्याच्याच काट्यावर करून घ्या. घरी आणून वाटलं की एकाच्या वाट्याला कणी जास्त जाते आणि जिन्यात बोलणं बंद होतं.

पाकीट घ्यायचंच असेल तर एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरात ग्रॅमला, किलोला किंवा लिटरला किती पडतात ते छापलेलं असतं, ते वाचा. तेलाला तर हे वाचल्याशिवाय हात लावू नका. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. शेजारी तसंच दिसणारं पाकीट असतं, ते ८५० ग्रॅमचं, कधी ८०० चं. समजा लिटरचं १५० रुपयांना आहे आणि ८५० ग्रॅमचं १४२ ला. हात आपोआप १४२ कडे जातो. किलोवर आणून बघा: पहिलं १६५ रुपये, दुसरं १६७. डब्यातही तेच. ‘पंधराचा डबा’ म्हणून दोन वेगळे डबे विकले जातात, १५ किलोचा आणि १५ लिटरचा. लिटरच्या डब्यात तेल साधारण १३ किलो ६५० ग्रॅमच असतं, म्हणजे सव्वा किलोहून जास्त फरक. फोनवर भाव विचारताना ‘किलो का लिटर?’ हे आधी विचारायचं.

आता चटणी. तुम्ही पुण्याच्या सवयीनं कांदा-लसूण मसाल्याची पाकिटं घेता असं लिहिलंय. कोल्हापुरातल्या घरात त्यावर जेवढे पैसे उगाच जातात तेवढे दुसऱ्या कशावर जात नसतील. हातातलं पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचा नियम आहे. मीठ कितव्या नंबरवर आहे ते बघा. दुसऱ्या-तिसऱ्यावर असेल तर मिठाला मिरचीचा भाव देताय.

मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, तिखटपणाला लवंगी किंवा गुंटूर. अस्सल संकेश्वरीचा दर ऐकून घाबरू नका, सगळी तीच घालायची नसते. थोडी पडली तरी वास सांगते. खरी मेख ओलाव्यात आहे. ढिगातली मिरची मधोमध वाकवा. कडकन मोडली तर घ्या, चामड्यासारखी वाकली तर पुढं चला. मूठभर कानाशी हलवून बघा, वाळलेल्या मिरचीचं बी खुळखुळतं. पाच किलोत दहा टक्के जादा ओलावा म्हणजे अर्धा किलो पाण्याचे पैसे, आणि तीच चटणी पुढं बुरशी धरते. पोत्याच्या तोंडाशी चांगली आणि खाली काळपट, असंही असतं. हात आत घालून खालची काढायला लावा, दुकानदार रागावला तर रागावू दे. देठ घरी खुडा. वजनात घट येते, ती धरूनच अंदाज करा. दोन दिवस कडक ऊन, मग धणे, तीळ, खोबरं वगैरे भाजून घ्या आणि सगळं डंकावर, म्हणजे मसाला कुटून देणाऱ्या गिरणीत न्या. मिक्सरवर बारीक होईल, पण कुटलेल्याची चव येणार नाही. भरताना बरणी कोरडी ठक्क हवी, मधे हिंगाचे खडे, वर मिठाचा थर. रोजच्या वापराची लहान बरणी वेगळी.

साठवणीचं सगळं मृगाच्या आत झालं पाहिजे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडची हवा काय असते ते तुम्हाला पहिल्या पावसाळ्यात कळलंच असेल. गव्हाला ऊन द्या, तांदळाला नको, त्याच्या कण्या होतात. तूरडाळीला एरंडेलाचा हात, धान्यात कडुलिंबाचा वाळवलेला पाला. रवा, बेसन, पोहे, शेंगदाणे, सुकं खोबरं यांचा मात्र साठा करायचा नाही, मग भाव कितीही पडू दे. खवट शेंगदाणा कुठल्याच भावात स्वस्त नसतो.

किती घ्यायचं, हा प्रश्न राहतो. आजपासून प्रत्येक पिशवी उघडली की तिच्यावर तारीख लिहा. दोन महिन्यांत कळेल की घरात तूरडाळ किती लागते आणि मसूर किती पडून राहते. सासूबाईंना विचारून अंदाज बांधू नका. त्यांच्या डोक्यात अजून दहा माणसांचं घर असतं आणि पोतं बघूनच त्यांना बरं वाटतं (माझ्याही सासूबाई अशाच).

भाजीला रविवारी लक्ष्मीपुरीचा बाजार. दिवे लागणीच्या सुमाराला पालेभाजीच्या पेंडीचा (जुडीचा) भाव पडतो हे खरं, पण त्या वेळची मेथी रात्रीच निवडायची तयारी असेल तरच घ्या. नाहीतर दुधी, कोबी, लाल भोपळा असं तगणारं घ्यावं. दुधात काटकसर करू नका. म्हशीचं घ्या, साय साठवा, तूप विकत आणावं लागणार नाही.

मटण कमी करा असं सांगणार नाही. त्याच्या दरावरून २०१९ च्या अखेरीस आंदोलन केलेलं आपलं गाव, कोण ऐकणार? पण किलोचं पाऊण किलो करा आणि हाडं, नळी मागून घ्या. अळणी पाणी, म्हणजे मटण शिजवल्याचं बिनतिखटाचं पाणी, सढळ काढा, पांढरा-तांबडा दोन्ही रस्से त्यावरच होतात. उरलेल्या तांबड्यात सोमवारी अंडी सोडली की दुसरं कालवण झालं.

आता तुमच्या मनात येईल, जानेवारी ते मे एवढं एकरकमी आणायचं कुठून? त्याला जुना उपाय भिशी. गल्लीतल्या किंवा ऑफिसातल्या ओळखीच्या बायकांची, व्याज नाही, कमिशन नाही, आणि आधीच बोलून मार्चचा नंबर मागून घ्यायचा. क्रेडिट कार्डावर पोतं आणून हप्ते भरलेत तर मोसमात वाचलेलं सगळं व्याजात जाईल. पहिल्या वर्षी सगळं करायला जाऊ नका. यंदा तांदूळ, तूरडाळ आणि चटणी एवढंच धरा, गहू-शाळू पुढच्या वर्षी.

सध्या जानेवारी चाललाय, म्हणजे तांदळाची वेळ झालीच आहे. मिरचीला अजून महिना आहे, पण डंकवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा. एप्रिलमध्ये गेलात तर पाट्या घेऊन रांगेत बसावं लागतं, आणि घाईत आपली चटणी दुसऱ्याच्या पाटीत गेली की कितीही भांडलं तरी परत मिळत नाही.